तात्यारावांचं दुसरं सॅम्पल

ढोकीत येऊन कुणी तात्याराव कुठं राहतात असं विचारलं तर लोक विचारतात, कोणते तात्याराव? दुर्बीणवाले तात्याराव म्हटलं की मात्र थेट आमच्या दारात आणून सोडतात. हे माझे सासरे. मी त्यांना मामा म्हणते.

मामांनी साखर कारखान्याच्या शेतकी विभागात एकतीस वर्षं नोकरी केली. काम एकच, शेतातला ऊस तोडणीला आला का नाही हे ठरवायचं. जाड सुई उसाच्या कांडीत टोचायची, दोन थेंब रस काढून एका छोट्या यंत्राच्या काचेवर घ्यायचा आणि एक डोळा मिटून उजेडाकडं बघायचं. आत गोडीचा आकडा दिसतो. या यंत्राला लोक दुर्बीण म्हणायचे. आकडा एकवीस आला की ऊस पक्का, तोडायला हरकत नाही. सोळा आला की ऊस कच्चा, आणि मामांचं एकच वाक्य ठरलेलं: "पंधरा दिसांनी परत येतो."

आता ज्याचा ऊस आहे त्याला वाटतं, आपला लवकर तुटावा. त्यामुळं मामा रानात आले की शेतकरी त्यांना बांधावरच बसवून घेत. चहा येई. भुईमुगाच्या शेंगा येत. मग हळूच कुणीतरी म्हणे, आत लई चिखल आहे, इथलाच एखादा ऊस बघा की. बांधाकडच्या उसाला ऊन-वारा जास्त मिळतो, तो आधी गोड होतो. हे शेतकऱ्यालाही माहीत आणि मामांनाही. मामा शेंगा संपवत, चहा संपवत, आणि धोतर वर खोचून उसाच्या मधोमध घुसत. तासाभरानं बाहेर येत तेव्हा तोंडावर पाचटाचे ओरखडे आणि जिभेवर तेच वाक्य.

एका साली हे वाक्य त्यांनी स्वतःच्या सासऱ्यांना तीनदा ऐकवलं. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई सुमनबाई, अजून सांगतात की त्या उन्हाळ्यात त्यांना माहेरून बोलावणं आलं नाही. भाऊ निरोप घेऊन आला तो एवढाच, की दाजींना म्हणावं पंधरा दिसांनी परत येतो.

असा हा माणूस. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, वय अडुसष्ट, तब्येत खणखणीत. गेल्या हिवाळ्यात निवृत्त लोकांचं तपासणी शिबिर होतं. मामा तिथं गेले ते दोस्त भेटतील म्हणून. रक्त दिलं, केळं खाल्लं, घरी आले. आठ दिवसांनी फोन आला की प्रोस्टेटचा आकडा जास्त आहे, सोलापूरला दाखवा.

प्रोस्टेट म्हणजे काय हे आमच्या घरात मलाच थोडंफार ठाऊक होतं, कारण माझं बी.एस्सी. झालंय. लघवीच्या पिशवीच्या खाली अक्रोडाएवढी एक गाठ प्रत्येक पुरुषाला असते, एवढं मी सांगितलं. मामांनी आत्यांकडं बघितलं, आत्यांनी छताकडं बघितलं, आणि त्यानंतर त्या गाठीचं नाव आमच्या घरात कुणी घेतलं नाही. 'ते' म्हणायचं असं आपोआप ठरलं.

सोलापूरचे डॉक्टर म्हणजे बाई निघाल्या, डॉक्टर राजेश्वरी. वय चाळिशीच्या आत. मामा दारातनंच परत फिरले आणि माझे मिस्टर अमरदीप यांना म्हणाले की आपण चुकीच्या खोलीत आलो, ही बायकांची दिसती. पाटी तीनदा वाचून झाल्यावर आत गेले. बाईंनी तपासलं, मशीनवर आतले फोटो काढायला लावले, आणि सुईनं त्या गाठीचे बारा ठिकाणचे नमुने घेतले. सुई कुठनं घालतात हे मी इथं लिहीत नाही. मामांनीही कुणाला सांगितलं नाही. ते सगळ्यांना म्हणाले, कंबरेची तपासणी झाली.

त्याचा परिणाम असा झाला की पंधरवड्यात आमच्या घरी कंबरदुखीवरच्या तेलाच्या अकरा बाटल्या जमा झाल्या. भेटायला येणारा प्रत्येक जण एक बाटली घेऊन येई आणि कंबर कुठं धरली ते दाखवा म्हणे. मामा भिडस्त. कंबर दाखवून चोळून घेत. शेजारच्या गल्लीतले एक पैलवान तर स्वतः चोळायला बसले, आणि मग खरोखरच कंबर धरली.

रिपोर्ट आला. बारा तुकड्यांपैकी अकरा चांगले, एका तुकड्यात कॅन्सर. तोही अगदी कणभर, आणि सगळ्यात साध्या जातीचा. डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. याला ग्रेड असतात, सहापासून दहापर्यंत, तुमची सहा आहे, ही सगळ्यात खालची. हा इतका हळू वाढतो की पुष्कळांना जन्मभर काही करत नाही. लगेच ऑपरेशन करायची गरज नाही. सहा महिन्यांनी रक्त तपासायचं, मधूनमधून बघत राहायचं, आणि वाढतोय असं दिसलं तरच पुढचा उपाय. पण ही वाट धरायच्या आधी आणखी एकदा नमुने घेऊ, त्या म्हणाल्या. पहिल्या खेपेला सुई जिथं गेली नाही तिथं काही मोठं लपलेलं नाही ना, एवढी खात्री करू. मग निर्धास्तपणे नजर ठेवता येईल.

मामांनी सगळं मान हलवत ऐकलं. गाडीत बसल्यावर म्हणाले, "पास झालेल्या पोराला परत परीक्षेला बसवायची ही कसली रीत?"

आणि त्यांनी विषय बंद केला.

पण आमच्या घरात विषय बंद करायचा अधिकार फक्त मामांकडं असता तर प्रश्नच नव्हता. त्यांचे धाकटे भाऊ संघपालकाका धाराशिवला राहतात. एस.टी.त कंडक्टर होते. त्यांचा आवाज अजून गाडीच्या शेवटच्या बाकापर्यंत जातो. कॅन्सर हा शब्द त्यांना कळला आणि तासाभरात तो ढोकीतही सगळ्यांना कळला. आता बाटल्या बंद झाल्या, नारळ आणि सफरचंदं सुरू झाली. लोक तोंड पाडून, पदर डोळ्याला लावून येत, आणि बघत तर पेशंट पत्र्यावर चढून डिश अँटेना फिरवतोय. त्यांचा फार हिरमोड होई. एक आजी तर बराच वेळ बसल्या आणि जाताना आत्यांना म्हणाल्या की मी एवढ्या लांबनं आले, निदान पाच मिनिटं झोपायला काय होतं यांना. तेव्हापासून फाटक वाजलं की आत्या मामांना बाजेवर आडवं व्हायला लावत. मामा आडवे होत, पण पायात चपला तशाच.

संघपालकाकांचं म्हणणं, काढून टाका. तपासणी नको, देखरेख नको, एकदाचं काढून मोकळं व्हा. मामांचं म्हणणं, डॉक्टरच म्हणतात काढू नका. काका म्हणाले, मग डॉक्टर परत तपासू म्हणतात ते का करत नाही? मामा म्हणाले, बारा जागचे घेतले की, आणखी किती घ्यायचे, चाळणी करायची का माझी? असं दोन रविवार चाललं. दोघंही भाऊ एकमेकांना डॉक्टरांचं निम्मंनिम्मं वाक्य ऐकवत होते.

तिसऱ्या रविवारी आत्या गहू निवडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "माझ्या बापाच्या उसाला तीनदा गेलाव. सोताच्या टायमाला एकदाच?"

मामा उठून बाहेर गेले. परत आले ते अमरदीपना म्हणाले, तारीख घे. पण चौदा एप्रिलची जयंती झाल्यावरची.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातली तारीख मिळाली. आमच्या बाजूनं प्रश्न सुटला होता. मामांच्या बाजूनं तो तिथून सुरू झाला, हे आम्हाला नंतर कळलं.

झालं असं की तारीख घेतली त्याच आठवड्यात मामा व्यंकटमामांना भेटून आले. व्यंकटमामा म्हणजे कारखान्यातल्या वजनकाट्यावरचे त्यांचे जुने दोस्त. त्यांनाही हाच आजार, पण पुढं गेलेला, त्यामुळं दोन वर्षांमागं त्यांचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, माणूस ठणठणीत आहे, मळ्यात काम करतात. फक्त लघवीवर ताबा राहिला नाही. विहारात ते दाराजवळ बसतात, खाली प्लास्टिक घालून, आणि वंदना निम्म्यावर आली की कुणाला न कळता निघून जातात. सगळ्यांना कळतं. कुणी काही बोलत नाही.

आणि आमचे मामा विहारात पुढं बसतात. दर रविवारी सकाळी त्रिशरण, पंचशील, वंदना तेच सांगतात आणि बाकीचे मागून म्हणतात. पाऊण तास मांडी घालून, पाठ ताठ, डोळ्याची पापणी हलत नाही. पोरं चुळबुळ करायला लागली की आया मामांकडं बोट दाखवतात. त्यांना आयुष्यात कसला गर्व असेल तर तो त्या पाऊण तासाचा. दुसऱ्या नमुन्यात काही वाईट निघालं तर ऑपरेशन, ऑपरेशन झालं तर आपणही दाराजवळ, असा त्यांनी मनात हिशेब मांडला. आणि बोलले कुणाशीच नाहीत.

त्यांनी काय केलं, तर तयारी सुरू केली.

मला पहिल्यांदा शंका आली ती कढीपत्त्यावरनं. एप्रिलमध्ये आमच्याकडं अंगणातलं सगळं करपतं. तुळस कोमेजलेली, जास्वंदीच्या काड्या झालेल्या, आणि मामांच्या खिडकीखालचा कढीपत्ता मात्र हिरवागार, नुसता लसलसतोय. बुडाशी कायम ओल. मी आत्यांना दाखवलं. त्या म्हणाल्या, पाईप गळत असेल. तिथं पाईप नाही.

मग लक्षात आलं की मामा ताक घेत नाहीत. चहा अर्धा कप. कलिंगड कापलं तर बिया बघून ताट सरकवतात. पितळी तांब्या मात्र रोज भरून खोलीत नेतात आणि रिकामा आणून ठेवतात. आणि भर दुपारी बाराला डोक्याला काही न बांधता ओट्यावर उन्हात बसतात. आत्यांना वाटलं, भीतीनं अन्न-पाणी गोड लागेना. मला वाटलं, कसला तरी उपास धरलाय. अमरदीपना काही वाटलं नाही. त्यांना सहसा वाटत नाही.

नमुने घ्यायच्या आठ दिवस आधी लघवी तपासायला सोलापूरला जायचं होतं. आम्ही चौघं निघालो. वाटेत तामलवाडी लागते, ते माझं माहेर. आईनं लिंबाचं सरबत केलं. मामांनी पेला ओठाला लावला, वा वा म्हणाले, आणि आई आत वळली तसा तो शोकेसवरच्या प्लास्टिकच्या फुलदाणीत ओतला. त्या फुलांना आजवर कुणी पाणी घातलं नव्हतं. सरबत तळातनं शोकेसवर आलं आणि खाली माझ्या भावाच्या लग्नाच्या अल्बमवर टपकायला लागलं. मामा भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभे राहिले.

दवाखान्यात त्यांना एक छोटी बाटली दिली. ते आत गेले ते अर्धा तास बाहेर येईनात. तिथल्या मावशींनी दार वाजवून विचारलं, आजोबा, येत नसेल तर पाणी प्या दोन ग्लास. आतून उत्तर आलं की पाणी नको, येईल तेवढं येईल. आणखी वीस मिनिटांनी मामा बाहेर आले. बाटलीच्या तळाशी दोन चमचे काहीतरी होतं. रंग काकवीचा. मामा ती उजेडाकडं धरून एक डोळा मिटून बघत होते, आणि तोंडावर समाधान होतं. आता खोटं कशाला बोलू, त्या समाधानानंच मी घाबरले.

तासाभरानं डॉक्टरीणबाईंनी आत बोलावलं. लघवीत जंतू झालेत, त्या म्हणाल्या. अशात सुई घातली तर जंतू रक्तात जातील, म्हणून तारीख पुढं ढकलावी लागेल. मग कागद बाजूला ठेवून त्यांनी विचारलं, "काका, पाणी किती पिता?"

मामांनी आजवर कुणाला खोटा आकडा सांगितलेला नाही. म्हणाले, "पाणी तोडलंय, मॅडम."

"तोडलंय म्हणजे?"

"पंधरा दिस झाले. तोडणीच्या आधी तोडत्यात तसं."

अमरदीपनी कपाळावर हात मारला. बाईंनी मात्र पेन खाली ठेवलं. त्या भूम तालुक्यातल्या ईटच्या, वडिलांचा चार एकर ऊस, आणि मामांची दुर्बीण पहिल्या भेटीतच त्यांच्या कानावर गेलेली. त्यांना नीट कळलं. ऊस तोडायच्या आधी पंधरावीस दिवस त्याचं पाणी बंद करतात, त्याला ताण देणं म्हणतात. ताणानं उसातलं पाणी कमी होतं, गोडी चढते आणि नमुना झकास येतो.

"ताण दिलाय तुम्ही," बाई म्हणाल्या. विचारलं नाही, नुसतं म्हणाल्या.

"व्हय. नमुना चांगला यावा म्हणून."

आत्या कोपऱ्यातल्या स्टुलावर पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्या दवाखान्यात कधी बोलत नाहीत. त्या दिवशी बोलल्या.

"अवो, ताण दिल्यावर ऊस पिकतोय का कच्चा ऱ्हातोय?"

"पिकतोय."

"मंग तुमाला ते पिकवायचं व्हतं का?"

मामांचं तोंड मी तेवीस वर्षं बघतेय. तसं ते कधी झालेलं बघितलं नाही. एकतीस वर्षं ज्याला त्याला आकडा वाढायला हवा होता. चांगला नमुना म्हणजे मोठा आकडा, हे हाडात गेलेलं. इथं आकडा खालीच राहायला हवा, इथं कच्चं निघण्यातच आपलं भलं आहे, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. कढीपत्त्याला पंधरा दिवस पाणी घातलं, स्वतः वाळले, आणि सगळं उलट्या बाजूनं.

अमरदीपना हसू आवरेना म्हणून ते बाहेर जाऊन आले. डॉक्टरीणबाईंनी ओठ दाबून धरले होते. म्हणाल्या की तसं या गाठीला पाण्यानं काही फरक पडत नाही, पिकतही नाही आणि कच्चीही राहत नाही. फरक पडला तो लघवीला, तिथं जंतू झाले. आणि मग खुर्ची जरा पुढं घेऊन त्यांनी विचारलं, "शेतकरी बांधाकडचा ऊस दाखवायचे, तो घेत होता तुम्ही?"

"न्हाय."

"मग मला का दाखवताय?"

मामांनी टेबलावरच्या काचेवर थेंब पुसावा तसं बोट फिरवलं. मग म्हणाले, "मला म्होरं बसायचंय, मॅडम. रविवारी. दाराजवळ न्हाय."

बाईंना त्यातलं काही कळलं नाही. मला मात्र तेव्हा उलगडलं, आणि मी दोन वाक्यांत विहार आणि व्यंकटमामा सांगितले. मामांच्या मनातली ही भीती आत्यांना नवीन होती. त्या पिशवीचा बंद उगाच सोडायला आणि बांधायला लागल्या.

डॉक्टरीणबाईंनी खोटा धीर दिला नाही, हे मला आवडलं. त्या म्हणाल्या, परत नमुने घेतो ते तुम्हाला ऑपरेशनकडं ढकलायला नाही. निम्म्याच्या वर लोकांत दुसऱ्यांदाही तसंच साधं निघतं, काहींत तर काहीच सापडत नाही. मोठं निघालं तर ते आजही आतमध्ये आहेच, तुम्ही बघा नाहीतर बघू नका. आणि ऑपरेशन झालेला प्रत्येक जण दाराजवळ बसत नाही, पुष्कळांचं काही महिन्यांत सुधारतं. पण नक्की काय होईल ते आज मी सांगू शकत नाही, कारण मला अजून आतलं दिसलेलं नाही.

मामा म्हणाले, "मधनं घ्या मग."

गोळ्या मिळाल्या, आणि रोज तीन लिटर पाणी असा हुकूम मिळाला. मामा हुकमाचा माणूस. घरी आल्यावर त्यांनी पितळी तांब्या मापून बघितला, तो पाऊण लिटरचा निघाला. म्हणजे दिवसाला चार तांबे. भिंतीवर खडूनं रोज चार रेघा मारायला लागले. कढीपत्ता आठ दिवसांत सुकला.

मे महिन्यात लघवी स्वच्छ निघाली आणि दुसरी खेप झाली. आत आम्हाला जाऊ देत नाहीत, पण मामांनी ते नंतर इतक्या वेळा सांगितलंय की मी तिथंच उभी होते असं मला वाटतं. आधी पोट साफ करायचं औषध दिलं, त्याबद्दल ते एवढंच म्हणाले की ज्यानं शोधलं त्याला भेटायचंय. मग कुशीवर झोपवून गुडघे छातीशी घ्यायला सांगितलं. जागा बधिर केली. सुई सुटते तेव्हा खट्ट असा आवाज होतो. मामा प्रत्येक खट्टला मोठ्यानं आकडा म्हणत होते. सहाव्याला डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काका, हलू नका. मामा म्हणाले, हलत नाही, पण सगळे एकाच बाजूनं घेताय का? त्या म्हणाल्या, दोन्ही बाजूनं घेणार आहे, आणि फोटोत जिथं जरा शंका आहे तिथून दोन जास्त. मामा म्हणाले, शंका असेल तिथं तीन घेत्यात. बाईंनी दोनच जास्त घेतले, सगळे मिळून चौदा झाले. बाहेर आणताना मामांनी त्या मावशींना विचारलं की बाटल्यांवर नाव आणि जागा नीट लिहिली ना, का नुसतीच एकत्र केली. त्यांनी एकेक बाटली दाखवली तेव्हा कुठं ढकलगाडी पुढं जाऊ दिली.

दोनतीन दिवस लघवी लालसर झाली. ती होणार हे सांगितलेलं होतं. मामांनी ते यावेळी मात्र सगळ्यांना सांगितलं. कंबर वगैरे सोडून दिलं. भेटायला येणाऱ्याला बाजेवर बसवून, सुई कुठनं घालतात इथपासून सुरुवात करत. बायका पटकन उठून स्वयंपाकघरात येत. पुरुष चुळबुळत आणि जाताना हळूच विचारत, ते रक्त तपासायचं कुठं असतं? चार जणांनी जाऊन तपासून घेतलं.

रिपोर्टला दहा दिवस लागले. ते दहा दिवस मी सांगत नाही. मामा रोज चार रेघा मारायचे. एकदा मी बघितलं तर आत्या त्यांच्या शेजारी ओट्यावर नुसत्याच बसल्या होत्या. गहू नाही, तांदूळ नाही, हातात काही नाही. त्यांना रिकाम्या हातानं बसलेलं मी पहिल्यांदा बघितलं.

रिपोर्ट घ्यायला संघपालकाकाही आले. डॉक्टरीणबाईंनी वाचून दाखवलं. चौदापैकी दोन तुकड्यांत कॅन्सर. ग्रेड तीच, सहा. शंकेच्या जागेत काहीच नाही.

काका उसळले. पहिल्या वेळी एक होता, आता दोन झाले, म्हणजे दुप्पट झाला की, आणि तुम्ही अजून बघत बसू म्हणता. त्यांचा आवाज बाहेरच्या पेशंटांपर्यंत गेला असणार. डॉक्टरीणबाई उत्तर द्यायला लागल्या, तर मामांनी हात वर केला.

"संघपाल, सोळाचे दोन ऊस सापडले तर बत्तीस होत न्हाईत. सोळाच असतंय."

काकांनी बोटांवर हिशेब करून बघितला. मग म्हणाले, मंग काय सोडून द्यायचं?

"सोडायचं न्हाय. कच्चा हाय म्हणून चिठ्ठी लिहायची आन परत यायचं."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या की निर्णय शेवटी तुमचा आहे. अजूनही ऑपरेशन हवं असेल तर तेही करता येतं, घाई मात्र नाही. नजर ठेवायची असेल तर सहा महिन्यांनी रक्त, वर्षभरानं फोटो, लागलं तर पुन्हा नमुने. आणि बदल दिसला तर त्या दिवशी तुम्ही मला थांबवायचं नाही. मामांनी क्षणभर आत्यांकडं बघितलं. आत्या म्हणाल्या, माझ्याकडं काय बघताव, तुमचं रान हाय. मामांनी नोव्हेंबरची तारीख लिहून घेतली, आणि एक नाही, दोन ठिकाणी.

पुढचा रविवार. विहारात मामा पुढं बसले, पाठ ताठ, डोळे मिटलेले. मी बायकांत मागं होते. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या संपल्यावर पाणी नेहमीएवढं चालेल असं सांगितलं होतं, पण मामांना कमी करा असं लेखी कुणी दिलं नव्हतं, त्यामुळं सकाळी निघताना दोन रेघा मारूनच ते निघाले होते. त्रिशरण झालं. पंचशील झालं. वंदना निम्म्यावर आली आणि मामांचा आवाज जरा चढला. मग वेग वाढला. मागच्यांची म्हणता म्हणता धांदल उडायला लागली. मग एकदम शांतता.

मामा उभे राहिले, चाळीस माणसांकडं वळले आणि म्हणाले, "बसून ऱ्हावा. जाऊन आलो."

आणि सगळ्यांच्या मधून, दाराजवळच्या व्यंकटमामांच्या खांद्यावर हात ठेवून, सावकाश बाहेर गेले. कुणी हललं नाही. पोरं आयांच्या तोंडाकडं बघत होती, आया एकमेकींच्या. पाच मिनिटांनी मामा आले, मांडी घातली, पाठ ताठ केली, आणि कुठवर आलो होतो ते त्यांना काही केल्या आठवेना.

तेव्हा त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली.